वैरण मोजून गाय: पहिल्या दुभत्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सुगी आटोपत आली. यंदा गाय घ्यायची, हे घरात पक्कं झालं. दोन पोरं, आत्ती (सासूबाई), आम्ही दोघं. पिशवीच्या दुधावर महिन्याला जाणारे पैसे डोळ्यांसमोर दिसतात, आणि ताक-लोणी घरचं असावं ही आत्तींची फार दिवसांची इच्छा आहे. गाय आल्यावर धार मीच काढणार, शेण मीच काढणार, म्हणून निवडही मीच करणार असं सांगून टाकलं. हे बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जातात. त्यांना फक्त रविवार मोकळा.

पैसा: घरचे ३५,००० आणि महिला संघातून ३०,००० कर्ज. एकूण ६५,०००. गाय, गोठ्याची डागडुजी, पेंड, डॉक्टर, टेम्पो, सगळं यातच. म्हणून गाईला जास्तीत जास्त ५०,००० आणि त्यावर एक रुपया नाही.

गल्लीतल्या आबांच्या दावणीला आयुष्यभर जनावर होतं. त्यांना विचारलं, "आबा, कसली गाय घेऊ?" ते म्हणाले, "आधी तुझी गंजी केवढी हुईल ते सांग. मग गाय सांगतो."

म्हणून आज गाय बाजूला ठेवून वैरणीचा हिशोब मांडला. जनावराला रोज वजनाच्या साधारण तीन टक्के सुका चारा लागतो. सुका म्हणजे पाणी वजा करून. ३५० किलोची गाय धरली तर साडेदहा किलो. हिरवा नेपियर १८ किलो दिला तर त्यात सुकं फक्त साडेतीन किलोच्या आसपास, बाकी पाणी. भाताचं पिंजर ४ किलो, त्यात सुकं साडेतीनच्या वर. पेंड ४ किलो, तिचंही तेवढंच. बेरीज जुळते.

आमच्याकडे काय आहे? ३० गुंठे भात, त्याचं पिंजर सव्वा टनाच्या आसपास. ४ किलोने वर्षाला लागतं जवळजवळ दीड टन. थोडं कमी पडतं, पण आमच्या पश्चिम भागात रताळ्याला तोटा नाही. वेल काढणीला लोक बांधावर टाकून देतात आणि गाय ते आवडीने खाते. विहिरीजवळचे ६ गुंठे नेपियरला. पुस्तकात लिहिलेल्या उत्पन्नाच्या निम्मं धरलं तरी एका गाईला पुरतं. दोन गाईंना नाही. मोठ्या गाईलाही नाही.

१७ नोव्हेंबर

नेपियरच्या कांड्या लावल्या. तीन डोळ्यांच्या कांड्या, दोन डोळे मातीत, एक वर. धारवाडच्या चारा संशोधन केंद्राने काढलेली डीएचएन-६ जात मिळाली. पानं मऊ, काठाला कूस कमी. सरीत दोन फुटांवर एक कांडी, खाली चांगलं कुजलेलं शेणखत. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढच्या सव्वा-दीड महिन्याने. इथल्या थंडीत नेपियर अंग धरत नाही, त्यामुळे पहिली कापणी फेब्रुवारीवर जाईल असं धरलं आहे. म्हणजे गाय फेब्रुवारीच्या आधी घरात आणायची नाही. विकतच्या हिरव्या चाऱ्यावर गाय सुरू करायला आपल्याकडे पैसा नाही.

१ डिसेंबर

जातीचा विचार. या विषयावर घरात सगळ्यांना मत आहे.

आत्तींना म्हैस हवी. बेळगावात म्हशीच्या दुधाला मान आहे, दही घट्ट लागतं, साय जाड येते. पण चांगली म्हैस आमच्या पैशात बसत नाही. शिवाय म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांच्या वर, उन्हाळ्यात तिचा माज (गाभ धरायची वेळ) कळत नाही, आणि दोन वेतांतलं, म्हणजे दोनदा व्यायण्यातलं, अंतर लांबत जातं. भाकड काळात तिला पोसायची ताकद आमच्यात नाही. आत्तींना हे समजावून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "फॅट बघून घे म्हंजे झालं."

खिलार डोळ्यांना सुख देते. माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत जनावरं उतरतात, तेव्हा खिलारांवरून नजर हटत नाही. पण ती ओढकामाची जात. वासराला पाजून घरात फारसं काही उरत नाही. आपल्याच कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली गाय एकोणिसाव्या शतकात सांगली भागातल्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात नांगर ओढायला तयार केली. आज ती फार थोडी उरली आहे. ज्याच्याकडे रान आणि पैसा आहे त्याने ती जरूर सांभाळावी, मनापासून वाटतं. आम्हाला आज दूध हवं आहे.

राहिल्या संकरित दोन: होल्स्टीनची आणि जर्सीची. होल्स्टीन संकरित गाय दिवसाला १५-१६ लिटर देते, पण तिचं वजन ४५० किलोच्या आसपास, आणि पेंडीचा हिशोब असा की अंगाला एक किलो आणि वर प्रत्येक लिटरला ४०० ग्रॅम. सोळा लिटरला सात किलोच्या वर पेंड झाली. गोळी पेंडीचं ५० किलोचं पोतं सध्या १,४०० ला आहे, म्हणजे रोज दोनशे रुपये नुसत्या पेंडीला, आणि हिरवा चारा आपल्या ६ गुंठ्यांच्या बाहेर. जर्सी संकरित अंगाने लहान, आठ-नऊ लिटर, फॅट साडेचारच्या पुढे. तिला दुग्धज्वराचा (अंगातलं कॅल्शियम एकदम कमी होण्याचा) धोका जास्त असतो, विशेषतः तिसऱ्या वेतापासून पुढे, व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत. हे माहीत असलं की तयारी ठेवता येते.

ठरलं: जर्सी संकरित, दुसऱ्या वेताची, ताजी व्यायलेली, वासरू सोबत.

दुसरं वेत का? पहिलारूला धारेची सवय नसते आणि मलाही नाही. दोघी नवख्या असल्या की त्रास गाईला होतो. शिवाय दुसऱ्या वेतात तिचं पहिल्या वेताचं दूध किती होतं हे विचारायला माणूस सापडतो.

२२ डिसेंबर

एका गोठ्यावर जाऊन होल्स्टीन संकरित पाहिली, ८५,०००. घ्यायची नव्हतीच. नीट पाळलेली गाय कशी दिसते ते डोळ्यांत भरून घ्यायला गेले होते. ओलं नाक, कान हलते, बसून निवांत रवंथ. मालकाने कास कशी पाहायची ते हाताने दाखवलं: धारेआधी भरलेली आणि धारेनंतर रिकाम्या पिशवीसारखी चुरगळलेली. धारेनंतरही जी कास टणक राहते ती मांसाची, दुधाची नव्हे. पोटाखालून पुढे गेलेली दुधाची शीर जाड आणि वळणाची असावी.

५ जानेवारी २०२५

आठवडी जनावर बाजार. एक हेडी (जनावरांचा व्यापारी) जर्सी घेऊन उभा, ४४,००० सांगत होता. कास पाहून कुणीही थांबावं अशी. पण सड ताठ, दूध आपोआप गळत होतं, आणि गाय मागचे पाय फाकवून उभी राहात होती. एक-दोन वेळची धार राखून कास फुगवून आणतात, हे आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वासरू कुठे विचारलं तर गावाकडे आहे म्हणाला. वासराशिवाय पान्हा सोडते की सुईवर, हे बाजारात कळायला मार्ग नाही. ऑक्सिटोसिनची, म्हणजे पान्हा सोडायला लावणारी, सुई लागलेली गाय घरी आली की दूध चढवून घेते. उद्या सकाळी तुमच्या दारात धार काढून बघतो म्हटलं तर तयार झाला नाही. तिथून निघाले.

बाजारातली सगळीच जनावरं वाईट नसतात. पण ज्याच्याकडे एकाच गाईचा पैसा आहे, त्याने धार न बघता व्यवहार करू नये.

माझं माहेर चंदगड तालुक्यात. भाऊ म्हणतो तिकडे गाई दोन-चार हजाराने स्वस्त आहेत. पण ते महाराष्ट्र, आम्ही कर्नाटक. राज्याची सीमा ओलांडून जनावर आणायचं म्हणजे डॉक्टरांचा आरोग्य दाखला, खरेदीची पावती, कानातल्या बिल्ल्याची नोंद, आणि कर्नाटकात २०२० च्या गोवंश कायद्यापासून जनावरांच्या गाड्या नाक्यांवर बारकाईने तपासतात. टेम्पोचं भाडंही वाढतं. वाचलेला पैसा वाटेतच संपेल. शिवाय आजारी पडली तर जुन्या मालकाला विचारायला जाणं सोपं हवं. इकडेच शोधायची.

१९ जानेवारी

खानापूर तालुक्यात एका घरी दोन जनावरं पाहिली.

पहिली गाय पाचव्या वेताची, २८,०००. स्वभाव फार चांगला. मी कासेला हात लावला तरी पाय हलवला नाही. एक सड बाद, तीन सडांवर सहा लिटर. मन गुंतलं होतं. तीन सडांची गाय घेऊच नये असं काही नाही, किंमत तशी असेल तर. पण सोबत नेलेल्या काळ्या कापडावर प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा घेतल्या तेव्हा मागच्या उजव्या सडातून बारीक गुठळ्या आल्या. म्हणजे कासदाह दुसऱ्या सडातही शिरला आहे. वर्षभरात दोन सड गेले तर आमच्याकडे दूधही नाही आणि पैसाही नाही.

दुसरी सात महिन्यांची गाभण कालवड, ३८,०००. अंगाने सुरेख. पण दूध किती देईल ते आईवरून अंदाजाने सांगायचं, आणि व्यायला दोन महिने थांबायचं. पुढे कधी दुसरं जनावर घ्यायची ऐपत आली तर अशी कालवड घेईन.

८ फेब्रुवारी

नेपियरची पहिली कापणी सुरू झाली. बांधाच्या बाजूचा कमरेच्या वर गेला आहे.

संध्याकाळी कडोली भागात एका घरी गाय पाहायला गेलो. डेअरीवर दूध घालणाऱ्या एका वहिनींनी सांगितलं होतं. मालकीणबाई साठीच्या; गुडघ्यांमुळे धारेला बसवत नाही, मुलगा पुण्याला. मी त्यांना मावशीच म्हणू लागले. जर्सी संकरित, तांबूस, दुसरं वेत, सोबत कालवड. सांगितलेली किंमत ५२,०००.

दात पाहिले: सहा दाती. दोन दात अडीच वर्षांच्या आसपास, सहा साडेतीन-चारच्या, आठही जुळले की पाच. दुसऱ्या वेताची गाय सहा दाती असणं बरोबर बसतं.

मावशींनी दुपारची धार काढलेली नाही ना, सकाळी किती वाजता काढली, हे विचारलं. त्यांना राग आला नाही, उलट म्हणाल्या, "विचारून घे बाई, मीबी असंच घेतलेली." वासरू एक मिनिट सोडलं, गाईने पान्हा घातला, मग मावशी बसल्या. ४.२ लिटर. काळ्या कापडावर चारही सड स्वच्छ. धारेनंतर कास मऊ. मग मी बसले. हात नवखा, तरी गाय उभी राहिली, एकदा फक्त मान वळवून पाहिलं.

टेप लावला. छातीचा घेर ६६ इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत ५४. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०: ३५६ किलो. आमच्या वैरणीच्या हिशोबातली गाय.

९ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा गेलो, ४.६ लिटर. संध्याकाळी ४.१. लागोपाठच्या तीन धारा पाहिल्या की राखून ठेवलेलं दूध लपत नाही. सकाळचं दूध मावशी डेअरीला घालतात. तिथे यंत्रावर फॅट ४.६ लागली. आत्तींना फोन करून आधी हे सांगितलं.

दुपारी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. त्या कन्नड बोलतात, मावशी मराठी, आणि दोघींचं मधल्या भाषेत छान चाललं होतं. कानातला पिवळा बिल्ला पाहून १२ आकडी नंबर मोबाइलवर टाकला तर कृत्रिम रेतनाची नोंद निघाली: २८ मार्च २०२४. गाईचे २८० दिवस धरले की २ जानेवारी. मावशींनी व्यायल्याची तारीख ४ जानेवारी सांगितली होती. लाळ-खुरकुताची लसही नोंदलेली. २०२२ च्या लम्पीच्या साथीत या भागात पुष्कळ जनावरं गेली होती, म्हणून कातडीवर गाठींचे व्रण आहेत का ते मी मुद्दाम विचारलं. नाहीत.

डॉक्टरांनी कानाच्या आत आणि शेपटीखाली गोचीड पाहिली. संकरित जनावराला गोचीड ताप लवकर मारतो, त्यामुळे गोठा निवडतानाही हे बघायचं असतं. दोन-चार सापडली, फार नाहीत. दुधात द्राव मिसळून कासदाहाची चाचणी चारही सडांची केली; कुठेच घट्ट झालं नाही. ब्रुसेलासाठी रक्त घेतलं. या रोगात गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, आणि कच्च्या दुधातून, गाभडलेल्या जारातून माणसालाही ताप लागतो. घरात लहान पोरं असताना ही चाचणी सोडून चालणार नाही. हा खर्च अजिबात वाचवू नये. शेवटी म्हणाल्या, "छलो ऐती (चांगली आहे). रिपोर्ट येईपर्यंत पैसे देऊ नका."

१४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला, ब्रुसेला नाही. संध्याकाळी आबांना सोबत घेऊन गेलो. आबांनी दर पाडण्यासाठी गाईत खोट काढली नाही, सरळ म्हणाले, "गाय चांगली हाय, पोरीकडं पैसं कमी हाईत." ४६,००० ला ठरलं. मावशींनी दावं बदलून दिलं नाही. जुनंच ठेवा, तिला वास ओळखीचा राहील म्हणाल्या. त्या काय खायला घालतात, किती वाजता, कुठल्या बाजूने धारेला बसतात, हे सगळं वहीत लिहून घेतलं. उजवीकडून. मी डावीकडून बसत होते, ते बदलायचं.

१६ फेब्रुवारी

गाय घरी आली. टेम्पोत खाली पिंजर आणि वाळू, ऊन व्हायच्या आत. दारात आत्तींनी पायावर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा दिला. बिल्ला आमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज दिला. विम्याचाही. बिल्ला कानात नसेल तर विम्याचा दावा मिळत नाही, म्हणून रोज धारेला बसताना कानाकडे नजर टाकायची सवय लावून घेते आहे.

गोठ्यात फार काही केलं नाही. तळाला उतार आणि खडबडीत फरशी, पश्चिमेला पत्रा. आमच्याकडे पावसाचा मारा तिकडूनच येतो.

२३ फेब्रुवारी

पहिले तीन दिवस दूध साडेपाच लिटरवर आलं. नवी जागा, नवा हात. मावशींकडची पेंड दोन पोती सोबत आणली होती ते बरं झालं. तीच चालू ठेवली आणि नेपियर रोज दोन-दोन किलोने वाढवला. एकदम बदलला असता तर पोट बिघडलं असतं. आज ७.८ लिटर.

शेजारचे ऊसतोडीवाले वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट देतात. आबांनी सांगितलं, थोडं घाल, त्यावरच ठेवू नको. वाड्यात आणि पिंजरातही ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि दुभत्या गाईला मिळू देत नाही. म्हणून रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीतून चालूच. पाणी दिवसाला पन्नास लिटरच्या वर पिते. हौद सावलीत घेतला, कोमट पाणी ती कमी पिते.

१६ मार्च

पंधरवड्याचा हिशोब. दिवसाला साडेआठ लिटर. कालवडीला दोन, घरात अडीच, डेअरीला चार. फॅट आणि एसएनएफप्रमाणे (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) लिटरला सरासरी ३५ रुपये पडले: २,१००. पेंडीचे गेले १,६८०. राहिले ४२०. राज्य सरकारचे लिटरमागे ५ रुपये वेगळे खात्यावर येतात, ते यात धरलेले नाहीत. संघाचा हप्ता यातून निघत नाही, तो यांच्या पगारातून जाईल हे आधीपासून ठरलेलं होतं. आमचा नफा म्हणजे घरातलं अडीच लिटर दूध, आत्तींचं लोणी, आणि नेपियरच्या बांधावर पडणारं शेण.

१३ तारखेला पहाटे हंबरायला लागली, धारेला उभी राहिना, काचेसारखा चिकट स्राव लोंबत होता. व्यायल्याला दोन महिने होऊन गेलेले. पहाटे माज दिसला तर रेतन त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. डॉक्टरबाई संध्याकाळी सहाला आल्या. होल्स्टीनच्या वीर्याची कांडी टाकू का विचारलं. मी जर्सीच सांगितली. कालवड मोठी होऊन याच ६ गुंठ्यांवर जगायची आहे.

३ एप्रिलला २१ दिवस होतात, तेव्हा पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी. माज आला नाही तर जूनच्या मध्यावर गाभण तपासणी. राहिली असेल तर १८ डिसेंबरच्या आसपास व्येईल, म्हणजे १८ ऑक्टोबरपासून आटवायची. ते तिचं तिसरं वेत असेल, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटलीचं डॉक्टरांशी डिसेंबर लागायच्या आधी बोलून ठेवायचं. आटलेल्या दोन महिन्यांत डेअरीचे पैसे बंद, पेंड मात्र शेवटच्या महिन्यात वाढवावी लागणार. त्यासाठी पंधरवड्याला २०० रुपये वेगळ्या डब्यात टाकायला आजपासून सुरुवात केली.